बजा नावाचं जनावर

सोलापूर, ता. ४ फेब्रुवारी १९३४

चि. मानसिंगास आजीचा आशीर्वाद. वि. वि. हितं समदी खुशाल. मी सांगतीय, तुझी बहीण शकू लिहितीय. ती माझं बोलणं शुद्ध करायला बघती, तवा चुकलं ते माझं आणि शुद्ध दिसंल ते तिचं समज.

तुझं पत्र पोचलं. लई वर्षांमागं निर्वंश झालेल्या जनावराची हाडं जुळवून तू विलायतेत नवी जात काढलीस आणि तिला माझं माहेरचं नाव दिलंस. बैलाहून मोठं धूड, आणि त्याचे आजचे भाऊबंद झाडाला उलटे लटकून झोपा काढतात म्हणे! आळशाला आजीच बरी आठवली. पण लग्नात भटजींनी ताटातल्या तांदळात ‘रंभा’ लिहिलं, आणि बजा म्हणून हाक मारणारं माहेरचं एकेक माणूस पुढं निघून गेलं. तू ते नाव छापलंस. समोरच्या नागव्वाला साखर देऊन आले. ती कानडीत हसली, मी मराठीत मिरवलं.

थंडीत कानाला बांधत जा. माया वाळू देऊ नको.

तुझी आजी, रंभाबाई (तेच ते जनावर)

लंडन, ता. १ मार्च १९३४

तीर्थरूप आजीस मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

आजी, माझे चुकले. या कुळातली बाकीची जनावरे हत्तीएवढी, त्यांच्या मानाने मांडीचे ते हाड लहान, म्हणून मी लहान चणीची वेगळी जात ठरवली. त्याच्या टोकाजवळ एक फट होती. बोटीत हादरे बसून तडा गेला असे समजून मीच ती चुन्याने भरली, घासून गुळगुळीत केली. परवा दक्षिण अमेरिकेहून दुसरी पेटी आली. तिच्यातल्या लहान हाडांनाही त्याच जागी तशीच फट. तो तडा नव्हेच. वाढत्या पिलाच्या हाडाचे टोक अजून जुळलेले नसते, ती सांध होती. म्हणजे माझी नवी जात हे एका जुन्याच जातीचे पिलू. त्या जातीला फार पूर्वी नाव मिळाले आहे, आणि आमच्या शास्त्रात पहिले नाव टिकते, मागाहून दिलेले रद्द होते.

चुना अजून जागेवर आहे. आतली सांध माझ्याशिवाय कुणी पाहिलेली नाही. गप्प बसलो तर इथली नेमणूक पक्की होईल आणि तुझे नावही राहील. साहेब पाठ थोपटतात तेव्हा मान वर होत नाही. हाड हातात घेतो, परत ठेवतो. तुला साखर वाटायला लावली याची लाज सगळ्यांत जास्त वाटते. काय करू ते कळव.

तुझ्या मायेस अपात्र, तरी तीच मागणारा,
मानसिंग

सोलापूर, ता. २५ मार्च १९३४

चि. मानसिंगास आशीर्वाद. वि. वि. शकू वाचता वाचता मधीच थांबली, तवाच मी वळखलं.

काय करू म्हणून मला कशाला विचारतोस? तुला ठावं हाय की. माझ्या तोंडून ऐकलं म्हंजे हात उचलंल, एवढंच. चुना काढ आणि साहेबाला तूच दाखव. नोकरी गेली तर हितं भाकरी हाय. पिलाला म्हातारीचं नाव देणारा तू! तुला हसावं का धपाटा घालावा?

माझंबी चुकलं. मी इतकी हरखले की तुला मागं फिरायला वाटच ठेवली न्हाय. नागव्वाकडं सकाळीच जाऊन सांगून आले, नातवाचं चुकलं म्हणून. ती म्हणाली, असूं दे, साखर तर गोड हुती.

तुमच्यात पहिलं नाव टिकतं, हे मला लई आवडलं. आमच्यात पहिलंच पुसतात. त्या जनावराच्या जन्माला गेले असते तर बजाच राहिले असते.

एक कर. खोडायच्या आदी ते नाव एकदा मोठ्यांदा हाक मारल्यागत म्हण. शकूला म्हण म्हटलं तर लाजती, आजीला नावानं कशी हाक मारू म्हणती. तू लांब हायस, तितं कोण ऐकतंय? मग खोड.

मायेत खाडा पाडू नको.

तुझी आजी, रंभाबाई