ताकदीची सुई

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ कोण करतंय!
ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर. सुहासने रिपोर्ट वाचला आणि मला स्वयंपाकघरात ओढलं — "आई, बाबांना सांगू नकोस. खचतील." डॉक्टर म्हणे, गाठ पुरुषाच्या हार्मोनवर पोसते. दर तीन महिन्यांनी पोटात सुई द्यायची. हार्मोन बंद, गाठ उपाशी. ह्यांना सांगितलं, ताकदीची सुई आहे. "सरी," म्हणाले कानडीत, म्हणजे बरं! जन्मभर फॅक्टरीत मशिनं तपासली, पण पोराचं बोलणं तपासलं नाही.

२ मार्च
घाम! बसल्या जागी अंगातून वाफा. शर्ट पिळून घ्यावा. मग लगेच थंडी. पंखा लाव, पंखा बंद कर — माझे गुडघे गेले. माझी पाळी गेली तेव्हा मलाही असंच व्हायचं. तेव्हा हेच म्हणायचे, "नाटकं पुरे." घ्या आता!
टीव्हीवर कुणाचं तरी लग्न लागलं, तर ढसाढसा रडले.

२० मार्च
छाती सुजलीय. शर्टातून दिसते. पार्कात ह्यांचा सोबती भीमाचार्य सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाला, "एनु, काय हो पुरुषोत्तम अण्णा, अक्कांचा ब्लाऊज घातला की काय?" म्हणजे माझा! मेल्याची जीभ झडो. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. "कसली गं ही ताकद?"
मी म्हटलं, भात गिळा. दुसरं काय म्हणणार?

१६ एप्रिल
सुहासला ऑफिसातून सुटता येईना. सर्जापूर रोडहून इथे जयनगरला घरी यायचं म्हणजे अर्धा दिवस. हे रिक्षाने एकटेच सुईला गेले. "झालं," म्हणाले.

१७ जुलै
आजही एकटेच. झालं.

९ ऑगस्ट
घाम गेला! रडणंही नाही. अंगाला मानवली वाटतं सुई. देवापुढे साखर ठेवली. कंबर तेवढी दुखते म्हणतात. तेल चोळते.

२२ ऑगस्ट
रक्तातला गाठीचा आकडा चढलाय. कंबरेच्या हाडात गेलंय. डॉक्टर सुहासवर खेकसला — मागच्या दोन सुया घेतल्याच नाहीत!
हे म्हणतात कसे, "मला नको ती ताकद. दोन्ही वेळा लालबागेत झाडाखाली बसलो आणि परत आलो."
घरी आल्यावर सुहास माझ्या कानात, "आई, आत्ता नको. हळूहळू सांगू."
हळूहळू? हाड पोखरल्यावर? पदर खोचला आणि सांगून टाकलं. "कॅन्सर आहे तुम्हाला. ती सुई ताकदीची नव्हती. गाठीला उपाशी मारायला होती."
हे म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला फसवलंत, आणि मी तुम्हाला."
नंतर भिंतीकडे तोंड.

२६ ऑगस्ट
स्वतः उठले, शर्ट घातला. सुई घेतली. लागू पडेल का, मी विचारलं. डॉक्टर म्हणतो, "बघू." ह्या 'बघू'चं मी काय करू? कुटून खाऊ?

१२ सप्टेंबर
घाम परत आला म्हणजे सुई लागली. येताजाता ह्यांच्या मानेला हात लावते. कोरडी.

१९ सप्टेंबर
कोरडी. देवाला साखर बंद.

४ ऑक्टोबर
जेवताना घाम फुटला! कपाळ, मान, पाठ — निथळले नुसते. "अगं, पंखा लाव!" ओरडले.
नाही लावला. मी बघत बसले.