चटई कुणी उचलायची

प्रिय केसे,

“तू सगळा दिवस दुसऱ्यांची नाटकं वाचतेस ना, म्हणून तुला वाटतं प्रत्येक गोष्टीला शेवट असतो.” तुझा पेनी गेला त्या वर्षी, आईच्या थडग्याला चुना लावताना तू मला हे म्हणाली होतीस. मी ब्रश बादलीत बुडवत राहिले. आता त्या वाक्याला उत्तर द्यायची वेळ आली आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि मग तुला डुकरांना खायला घालायचं असतं.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण चर्चच्या गायनात अजून उभी राहते. तू पाठवलेला कोको संपत आला, शेजारणींना वास लागला की त्या कप घेऊनच येतात. आणि नेहमीप्रमाणे या महिन्यात नाटकांचा ढीग घरात आहे. नव्या लेखकांच्या छोट्या नाटकांतून आम्ही तिघं चार निवडतो, त्यांची शिफारस करतो, आणि तीच मग सभागृहात होतात. नावं काढून टाकलेली असतात, म्हणजे कुणाच्या चुलतभावाची सोय व्हायला नको. यंदा बरीचशी न्यूझीलंडच्या व्हिसावर आहेत. एक पाळकाच्या डुकरावर आहे. ते वाचताना आमच्यातल्या सेमिसीला हसून हसून ठसका लागला. आणि एक आहे, ‘चटईखाली’. त्याचं पहिलं पान वाचलं आणि मी ते खाली ठेवून अंगणात जाऊन उभी राहिले.

पडदा वर जातो तेव्हा पहाट आहे. गावातली सगळी घरं चारी बाजूंनी उघडी, एकाच घराची झापं सोडलेली. समोर तीन माणसं मान खाली घालून बसली आहेत, तिघांवर मिळून एकच मोठी इए तोगा, मानाची चटई, पांघरलेली. पुढ्यात सरपण आणि उमूच्या चुलीचे दगड ठेवलेले, आम्हांला भाजून खा, एवढा आमचा गुन्हा आहे, असं न बोलता सांगणारे. तिघांतली एक लहान मुलगी आहे. सगळं नाटक ती सांगते, चटईच्या आतून, जेवढं तिला ऐकू येतं तेवढं. घरातल्या बाईला एकही वाक्य नाही. तिचा फक्त झाडू ऐकू येतो.

केसे, त्या सकाळी तुझ्या घरात मी आत होते. पेनी झोपायचा तिथली जमीन तू झाडत होतीस, जिथे झाडण्यासारखं काहीच नव्हतं. घरच्या वडीलधाऱ्यांनी निर्णय तुझ्यावर सोडला होता आणि तू कुणाकडे बघत नव्हतीस. मी तुझ्यासाठी पानिकेके तळले होते, ते तसेच गार झाले. मधे एकदा तू थांबलीस. झाप दोन बोटांनी बाजूला केलंस, बाहेर पाहिलंस, आणि परत झाडू उचललास. मला वाटायचं हे जगात तुला आणि मलाच ठाऊक आहे. नाटकात ते आहे. मुलगी कुजबुजते, “झाडू थांबला. बाबा, आता.” मग झाडू पुन्हा सुरू होतो आणि ती म्हणते, “बाबा, तुम्ही रडू नका, चटई हलते.”

लाफाएलेनं त्या दिवशी आपल्या मुलीलाही चटईखाली बरोबर आणलं होतं हे मला कधी कळलंच नव्हतं. पेनीबरोबर ती चर्चमधल्या मुलांच्या सणाच्या, पांढऱ्या रविवारच्या तालमीला जायची. पेनी गेला तेव्हा तो तालमीलाच निघाला होता आणि लाफाएलेचा ट्रक अळकुड्या भरून वळणावरून आला. तू झाप बाजूला केलंस तेव्हा तुला तिची पावलं दिसली होती का?

दुपारी पाळक येतात आणि त्या तिघांना चटईसकट तसंच उठवून नेतात, हे खरं घडलेलं. नाटकात ते नाही. नाटकाच्या शेवटच्या पानावर एवढंच आहे: ‘चटई नटांपैकी कुणीही उचलायची नाही. दिवे चालूच ठेवावेत.’

यावरून आमच्यात जुंपली. सेमिसीनं ऑकलंडला नाटकाचं शिक्षण घेतलंय, तो तर उड्याच मारायला लागला. म्हणाला, “प्रेक्षकांतलं कुणीतरी उठून वर येईल, हाच तर शेवट! तिकडे केलं तर दहा जण धावत येतील.” आमच्यातले तिसरे, म्हातारे तुआला कानातली काडी फिरवत शांतपणे म्हणाले, “तिकडे येतील रे बाळा. तिकडे लोक दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातही शिरतात. इथे एक जण उठणार नाही. ती उचलून माफ करायचा हक्क ज्यांचं माणूस गेलं त्यांचाच, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे.” सेमिसी म्हणाला, “मग तशीच बसू देत ती तिघं.” तेव्हा तुआला चिडले. “मग ते नाटक नाही, शिक्षा आहे. उमू न उघडताच पाहुण्यांना घरी पाठवायचं?” दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दोघांनाही घर ओळखू आलं होतं. मी म्हटलं, यंदाचं सगळ्यात चांगलं नाटक हेच आहे. ते मी तुझी बहीण म्हणून म्हटलं नाही. गेली कित्येक वर्षं मी ही नाटकं वाचते आहे, त्या नात्यानं म्हटलं.

नाव काढलेलं होतं, पण चटईच्या आतलं कोण लिहिणार हे उघड होतं, म्हणून मी लेखिकेला बोलावून घेतलं. वाओसा तिचं नाव, लाफाएलेची तीच मुलगी. उंच आहे, नखं खाते, माझ्या खुर्चीत न बसता दारातल्या चटईवरच बसली. मी तिला म्हटलं, शेवट बदल, पाळकांच्या हातून उचलव, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा उरणार नाही. ती म्हणाली, “तसं लिहून पाहिलं, आंटी. खोटं वाटतं. झालंच नाही ना तसं.” मी जरा रागानंच विचारलं, म्हणून काय कोरं सोडायचं? तर म्हणाली, “माझ्या हातात असतं तर मी कशाला कोरं सोडलं असतं?” जाताना तिनं आणखी एक सांगितलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

बापाच्या भूमिकेला तिनं नट घेतलेला नाही. चटईखाली लाफाएले स्वतः बसणार आहे. तुरुंगातून सुटल्यापासून तो मासळीबाजारात बर्फ फोडतो, गाडीला हात लावत नाही. नाटकबिटक त्याला कळत नाही, लेकीनं बस म्हटलं म्हणून बसणार. हे तुझ्यापासून लपवून तुला ‘सहज ये’ म्हणून बोलावलं असतं तर तू मला पुन्हा कधी दारात उभं केलं नसतंस, आणि ते बरोबरच झालं असतं. तुआलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पुष्कळ वेळ कान खाजवला आणि म्हणाले, “तिरेसा, तुझी बहीण सभागृहात बसणार असेल तर मी सही करतो. उचलो, न उचलो, तो तिचा प्रश्न. पण जिला हक्क आहे तीच समोर नसेल, तर त्या माणसाला रिकाम्या अंगणात दुसऱ्यांदा बसवायला माझं नाव मिळणार नाही.” मंगळवारी शेवटची बैठक आहे. तुझं उत्तर आलं नाही तर त्या जागी पाळकाचं डुक्कर लागेल, आणि लोक पोट धरून हसतील. तू नाही म्हणशील. हे लिहिताना मला तुझा चेहरा दिसतो आहे, आणि मी तुला दोष देणार नाही. पेनी तुझा मुलगा होता, माझा नुसता भाचा होता. तरीही विचारते, केसे. खेळाच्या दिवशी सकाळच्या बोटीनं ये. माझ्या शेजारी बस. उठू नकोस, रडू नकोस, त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस, पण ये.

तुझीच धाकटी,
तिरेसा