माझ्या देहासाठी कोणी थांबू नये

ज्याच्या कृपेने श्वास आत येतो आणि ज्याच्या आज्ञेने तो एके दिवशी परत फिरत नाही, जो दोन्ही सूर्यांखाली एकच आहे आणि दोन्ही सैन्यांच्या प्रार्थना ऐकूनही अद्याप आपल्याला विटलेला नाही, त्या दयाघनाला प्रथम वंदन. त्याला साक्षी ठेवून मूळ विषयाकडे वळतो.

मी खाली सही करणार, धंदा ग्रंथपाठक, सध्या निवृत्त, वय वर्षे शहात्तर, चष्म्याच्या दुकानावरील दोन खोल्यांत राहणार, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही भिडेला वा धाकाला बळी न पडता लिहून ठेवतो. दृष्टी अधू झाली आहे, गुडघे गेले आहेत. बुद्धी मात्र जागेवर आहे. इस्पितळाच्या डॉक्टरांनी ती तपासली. त्यांनी सरसेनापतीचे नाव विचारले. मी आजच्याचे, कालच्याचे आणि परवा ज्याला काढून टाकले त्याचेही सांगितले, तेव्हा त्यांनी हसून दाखला दिला.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र, ज्यात जावयास व्यवस्थापक नेमले होते, ते रद्द समजावे. जावई माझ्याआधी गेला. त्याचा देह आला नाही. बुटांची एक जोडी आली, तीही दुसऱ्याच्या मापाची. आता व्यवस्थापक म्हणून वरील डॉक्टरांस नेमतो.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली, स्वयंपाकाची जागा, गच्चीवरील पाण्याची टाकी आणि घरातील, ग्रंथ सोडून, सर्व चीजवस्तू माझ्या लेकीस द्याव्यात. ती युद्ध-इस्पितळाच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनवते. तिने बनवलेल्या पायांवर उभी राहून माणसे पुन्हा आघाडीवर गेली. हे शल्य ती बोलून दाखवत नाही. रात्रीच्या जेवणाला भांडी जरा जोरात आदळते, एवढेच. मागच्या खोलीविषयी शेवटी लिहितो.

कलम दुसरे. माझी जी काही शिल्लक असेल ती इस्पितळाच्या शीतगृहाच्या विजेसाठी द्यावी. कारण पाचव्या कलमात कळेल.

कलम तिसरे. माझे सर्व ग्रंथ, टीका-भाष्यांसह, स्टेशनामागील युद्धकैद्यांच्या छावणीस द्यावेत. शत्रूला ग्रंथ कशाला, असे कोणी विचारील. मूळ धर्मग्रंथ त्यांचाही हाच आहे. फक्त आपण जेथे थांबतो तेथून ते वाचायला सुरुवात करतात.

कलम चौथे. व्याख्यानगृहातील माझी लाकडी चौकी मुख्य पाठकांस द्यावी. तिचा एक पाय डगमगतो. तो त्यांनी दुरुस्त करू नये. बोलणाऱ्याच्या बुडाखाली थोडी शंका असलेली बरी.

त्यांच्या-माझ्या वैराचे कारण येथे नोंदवणे भाग आहे. रंगरूटांची गाडी सुटण्यापूर्वी त्यांच्यासमोर युद्धारंभाचा अध्याय वाचण्याचे काम माझ्याकडे होते. प्रथा अशी की अर्धाच अध्याय वाचावा. मी एकदा पूर्ण वाचला. तो असा.

मूळ माता ही आपल्या पूर्वजांच्या जहाजाची सुकाणूधारी. पहिल्या सूर्यापाशी तिने थोरल्या लेकीला वसवले. धाकटा लेक निम्मी माणसे घेऊन दुसऱ्या सूर्याकडे निघाला. भांडण नव्हते. निघताना आईने त्याला बियाणे बांधून दिले आणि गळ्यात पडून ती रडली. पुढे ती वारली. लेकीने देह शीतगृहात ठेवला आणि भावाला निरोप धाडला. निरोप उजेडाच्या वेगाने गेला. भाऊ जहाजाच्या वेगाने आला, वय थांबवणाऱ्या निद्रापेटीत झोपून. तो झोपला होता तेवढ्या काळात बहिणीचे केस पिकले. मग दुष्काळ पडला, यंत्रे थकली, आणि शीतगृहात आईचा देह राखावा की पेरणीचे बियाणे, अशी वेळ आली. लेकीने घरोघरच्या पोरांची तोंडे पाहिली आणि आईला अग्नी दिला. बियाणे ज्या शेतात पेरले त्याच शेतात राख मिसळली.

भाऊ आला तो जसा गेला होता तसाच, तरणाबांड.

“आई कुठंय?” त्याने उंबऱ्यातूनच विचारले.

“आत ये रे आधी. पाणी घे.”

“पाणी नको. तोंड दाखव तिचं.”

“थांबले रे मी. किती थांबले ते तुला आरशात दिसायचं नाही. माझ्याकडे बघ.”

त्याने बघितले नाही. सारे युद्ध त्या न बघण्यात आहे. तो पाण्याला न शिवता वळला आणि आई त्या मातीत आहे म्हणून माती पोत्यांत भरू लागला. मातीत पीक होते, पिकावर साऱ्या वस्तीचा जीव होता. माळी आडवा आला. फावडे आधी कोणी उगारले याविषयी दोन्हीकडच्या भाष्यकारांत मतभेद आहेत. माळी मेला याविषयी नाहीत.

आपल्याकडे शिकवतात, शत्रू आपली माती चोरायला आला. तिकडे शिकवतात, यांनी आईला तिच्या मुलाविना जाळले. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि म्हणूनच हे युद्ध मिटत नाही. असत्य लंगडे असते, ते कधीतरी पडते. अर्ध्या सत्याला मात्र कोणी ना कोणी पाय बसवून देतो.

सभा संपल्यावर मुख्य पाठक मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “अहो, पोरं मरायला निघालीत आणि तुम्ही त्यांना शत्रूच्या आईचं सांगता?”

मी म्हणालो, “आपली आई आणि शत्रूची आई वेगळी असल्याचा दाखला ग्रंथात काढून दाखवा, मी गप्प बसतो.”

त्यांनी दाखला काढला नाही, मला काढले. असो. त्यांच्याविषयी आता मनात राग नाही, असे लिहायला हवे. देवासमोर खोटे लिहवत नाही.

कलम पाचवे, जे या मृत्युपत्राचे खरे प्रयोजन होय.

माझा मुलगा, लेकीहून धाकटा, ऐन तारुण्यात कैद्यांच्या अदलाबदलीच्या जहाजावर दुभाषा म्हणून दुसऱ्या सूर्याकडे गेला. तो निद्रापेटीत असताना इकडे त्याची आई वारली. तिकडे जागा झाला तेव्हा आमचा निरोप त्याची वाट पाहत होता. परतीचे जहाज मिळायला त्याला काही वर्षे गेली. निघताना त्याने धाडलेला निरोप नुकताच आला आहे: “आईला माझ्याविना उरकलंत. निदान बाबांना तरी ठेवा. निघालो आहे.”

लेकीने तो वाचला. तिने आईचे आजारपण एकटीने काढले होते, अंथरुणातले सारे केले होते.

“उरकलंत!” ती म्हणाली. “उरकलंत म्हणे! बाबा, मी तुम्हाला ठेवणार. शीतगृहातला एक कप्पा मागून ठेवलाय. वीस वर्षं लागू देत त्याला यायला. आला की कप्पा ओढून दाखवते, म्हणते, घे, बघ, मोज सुरकुत्या. मला त्याचे बोल ऐकायचे नाहीत.”

“त्या कप्प्यात आज कोण आहे?” मी विचारले.

तिने हातातले भांडे जोरात खाली ठेवले. मग म्हणाली, “असतं कोणीतरी रोज. आईबाप गावाहून येईपर्यंत.”

त्या कप्प्यात मी वीस वर्षे पडून राहिलो, तर तेवढी वर्षे कोणाकोणाची मुले तोंड न दाखवता जातील, याचा विचार करून मला झोप लागत नाही. आणि नाही राहिलो, तर माझ्या घरात तोच अध्याय पुन्हा सुरू होईल.

मूळ मातेचे मृत्युपत्र ग्रंथात अक्षरशः दिलेले आहे. दोरखंड, आरसे, पाण्याच्या टाक्या, शिवणाच्या सुया, सर्वांची वाटणी त्या माउलीने केली. आपल्या देहासाठी थांबावे की थांबू नये, एवढे एक वाक्य मात्र लिहायचे राहिले. ते लेकीला आपल्या मनाने ठरवावे लागले, आणि जे माणूस आपल्या मनाने ठरवते त्याच्यावरच बोल येतो. म्हणून ते वाक्य मी साक्षीदारांसमोर लिहितो:

माझ्या देहासाठी कोणीही थांबू नये. प्राण जाताच, त्याच दिवशी, देहास अग्नी द्यावा. ही माझी आज्ञा आहे. लेक थांबली नाही असे कोणी म्हणू नये. मी तिला थांबू दिले नाही. राख युद्धात पडलेल्यांच्या सामायिक जमिनीत, खूण न ठेवता मिसळावी, म्हणजे ती कोणाला पोत्यात भरून नेता येणार नाही.

कलम सहावे. मागची खोली मुलास द्यावी. तो येईपर्यंत, इस्पितळात आपल्या मुलाचे तोंड पाहायला आलेल्या आईबापांनी तेथे रात्र काढावी. जहाजे वाटेत पडतात, हे मला ठाऊक आहे. तो आलाच नाही, तर खोली कायमची त्यांची.

आला, तर अट एकच. उंबऱ्यात त्याने प्रथम बहिणीच्या हातचे पाणी प्यावे, पेला रिकामा करावा, आणि मगच काय विचारायचे ते विचारावे. लेकीनेही तोवर काही सुनावू नये. हे तिला जड जाईल. लहानपणापासून तिची जीभ आधी पोचते.

बाळा, यापुढचे तुला उद्देशून. माझे तोंड पाहायला मिळाले नाही, असे म्हणू नकोस. तू येशील तेव्हा आजच्यासारखाच तरुण असशील आणि तुझी ताई माझ्या आजच्या वयाला टेकलेली असेल. नाक आत्ताच माझे आहे. रागावली की डावी भुवई उचलते, तीही माझी. उरलेले वय भरून काढील. माझा चेहरा मी तिच्यापाशी ठेवून जात आहे. पाणी पिताना पेल्यात बघू नकोस. वर बघ.

येणेप्रमाणे लिहून, लेकीस वाचून दाखवून, सही करीत आहे. ऐकताना ती रडली नाही. उठली, इस्पितळात गेली आणि कप्पा सोडून आली.

ठिकाण: राहत्या घरी, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी.
दिनांक: नव्या रंगरूटांची गाडी सुटली तो दिवस, भरदुपारी.

सही: ग्रंथपाठक, निवृत्त

साक्षीदार: खालचे चष्मेवाले. (सहीआधी त्यांनी माझा चष्मा पुसून दिला, पैसे घेतले नाहीत.)
साक्षीदार: इस्पितळाचे डॉक्टर, ज्यांनी बुद्धीचा दाखला दिला.

हे वाचणारा कोणत्याही सूर्याखाली असो, त्याच्या उंबऱ्यावर उशिरा आलेल्याला पाणी मिळो, वाट पाहून थकलेल्याला क्षमा मिळो, आणि त्याच्या घरातले कोणी त्याच्याआधी न जावो. तथास्तु.