जोडीतली जुनी बॅटरी

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा खोकला गेला, गॅलरीतल्या कुंड्या तग धरून आहेत. तुझा आणि भावोजींचा नव्या घरात जम बसला असेल.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईच्या चाकांच्या खुर्चीच्या दोन्ही बॅटऱ्या डिसेंबरात बदलल्या, तरी खुर्ची चौकात बंद पडली. त्यातलं 'दोन्ही' चूक आहे. मी एकच बदलली होती. आपण दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईकडे शिकत होतो, तेव्हा ती खोडरबर देत नसे. चुकलं की एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तशीच ही रेघ समज. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन आला की आई स्पीकर लावायला सांगते.

खुर्चीच्या सीटखाली दोन बॅटऱ्या असतात, एकमेकींना जोडलेल्या. त्यांतली एक डिसेंबरात फुगली. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "दोन्ही बदलू." मी दुसरीला मीटर लावून दाखवला. आकडा अगदी बरोबर होता.

"ही तर चांगली आहे, काका."

"बसल्या जागी सगळ्याच चांगल्या दिसतात. चढावर कळतं."

"चालती वस्तू टाकायची नाही, असं आमच्या घरात आहे."

"बघ बाई. म्हातारीला तरणीबरोबर पळायला लावते आहेस."

मी हसले. त्यांना नवीन माल खपवायचा असेल, असंही मनात आलं. मग मी माझ्या पद्धतीनं सगळं केलं. रोज संध्याकाळी चार्जर लावला, सकाळी हिरवा दिवा लागल्याशिवाय काढला नाही, भिंतीवरच्या कागदावर रोजची खूण केली. कागदावर एकही दिवस चुकलेला नाही. पण चार्जर आणि खुर्चीवरचा काटा, दोघांनाही जोडीची मिळून बेरीजच कळते. आतून एक भरते आहे आणि दुसरी रिकामी होते आहे, हे त्यात दिसत नाही. हे मला नंतर काकांनी सांगितलं.

१७ फेब्रुवारीला आई एकटी वाचनालयातून परतताना, चौकातल्या चढावर, जुनीनं मान टाकली. काटा अर्ध्यावर होता. चाकं मोकळी करायची एक दांडी मागच्या बाजूला असते, ती मी आईला कधी दाखवलेली नव्हती. त्यामुळे खुर्ची ढकलली तरी हलेना. वीस मिनिटं आई गाड्यांच्या मधोमध बसून होती. शेवटी चार माणसांनी तिला खुर्चीसकट उचलून कडेला ठेवलं. "कपाट हलवतात ना, तशी," ती मला म्हणाली.

आणि मग म्हणाली, "माझाच हात थरथरला गं. काहीतरी भलतंच दाबलं गेलं."

काका दोन दिवसांनी येऊन तपासून गेले. लिफ्टनं खाली जाताना त्यांनी मला खरं कारण सांगितलं. मी वर आले. आईनं विचारलं, "माझीच चूक ना?"

मी म्हणाले, "असेल."

ताई, हे मागच्या पत्रात नव्हतं.

त्या दिवसापासून आई बाहेर पडलेली नाही. वाचनालयातल्या तिच्या तिघी मैत्रिणी शब्दकोड्यावर भांडायला तिची वाट बघतात. एकीचा फोन आला तर आई म्हणाली, "माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला." चमच्यानं वरण वाढतानासुद्धा आता हाताकडे बघत असते. पूर्वी म्हणायची, ही खुर्ची तुझ्या बाबांपेक्षा जास्त ऐकते. ते म्हणणंही बंद झालं. खुर्ची खिडकीशी उभी आहे. न वापरता उभी ठेवली की उरलेली चांगली बॅटरीही जाते, हेसुद्धा मला माहीत आहे.

आता तू विचारशील, तीन आठवडे का गप्प बसलीस. भीती वाटली, असं लिहून मी तीन कागद फाडले. भीती होतीच, पण ते पूर्ण कारण नाही.

तू गेल्यापासून मी औषधांच्या दुकानातून साडेपाचला येते. दिवसभर बाटल्यांवरच्या मुदतीच्या तारखा बघून आलेली असते. आई सातपर्यंत वाचनालयात असायची. मी कुलूप काढायचे, एकटीचा चहा करायचे, आणि दीड तास घरात फ्रिजचाच काय तो आवाज. आता मी लिफ्टमधून बाहेर येते तेव्हा दिवा लागलेला असतो. आत शिरायच्या आधीच आई विचारते, "आलीस?" दोन कप काढून ठेवलेले असतात.

मला ते आवडलं. म्हणून मी तिला तिच्या हाताला दोष देऊ दिला. याहून सोप्या शब्दांत मला लिहिता येत नाही.

काकांशी बोलून ठेवलं आहे. गुरुवारी साडेपाचला ते दोन्ही नव्या बॅटऱ्या घेऊन येतील, एकाच दिवशी बनलेल्या. तारखा मी स्वतः वाचून घेईन. पण सीट उचलायच्या आधी मी आईला सांगणार आहे, काकांसमोर, म्हणजे मधेच शब्द फिरवता येणार नाही. मग ती मागची दांडी तिच्याच हातानं तीनदा ओढून-सोडून घेईन. ती रागावेल. बोलणार नाही कदाचित. तरी शनिवारी ती एकटी वाचनालयात जावी, आणि मी आले की दाराला कुलूप असावं.

पत्र तुला बुधवारी मिळेल. गुरुवारच्या आधी फोन करू नकोस. तुझ्या आवाजावरून तिला कळेल, आणि मग मी सांगायचं राहून जाईल.

भावोजींना नमस्कार.

गुरुवार, १२ मार्च, संध्याकाळी साडेपाचपर्यंत खोटी,
तुझी धाकटी