जहाजात चढण्यापूर्वी दोघांनी घ्यायची काळजी

५ जानेवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. संकल्प एकच. १४ मार्चला जहाज सुटतं, सात रात्रींची क्रूझ, आणि त्यावर आम्ही दोघं असणार. ही बहिणीकडून परत येईल ती थेट समुद्रावर. तोवर सगळा अभ्यास करून टिपा इथे लिहून ठेवायच्या. अर्धवट माहितीवर माणसाने पाऊल टाकू नये.

नोंदीसाठी: ही बहिणीकडे गेल्याला सात महिने झाले. मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, मदतीला कोणीतरी हवंच. खालच्या मजल्यावरच्या काकू भेटतील तेव्हा विचारतात, वहिनी कधी येणार? येतेय, म्हणतो. लोकांना दुसरा उद्योग नाही.

७ जानेवारी
बुकिंग केलं! एजंट मुलगी हुशार आहे, पण घाईची. अडीच तासांत चारदा घड्याळ बघितलं. मी तीस वर्षं वजनमापं निरीक्षक होतो, दुकानदार माझ्यासमोर घड्याळ बघत नसत.

टीप: केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर घ्यावी, हेलकावे कमी बसतात. डोक्यावर डान्स फ्लोअर नको, पायाखाली इंजिन नको. प्लॅन मागून स्वतः बघावा.

मुलीने विचारलं, मॅडमना बाल्कनी आवडेल का? मी म्हणालो, विचारून सांगतो. माहीत नव्हतं असं नाही. चौतीस वर्षांत विषय निघाला नव्हता. शेवटी न उघडणारी गोल खिडकी घेतली. सुरक्षित.

पाच वर्षांपूर्वी असंच बुकिंग केलं होतं, तेव्हा निघायच्या चार दिवस आधी मला कळलं की केबिन जनरेटरच्या वर आहे. रद्द केलं. त्याआधी एकदा हवामान बघून रद्द केलं होतं. ही मात्र बॅग भरून तयार होती. ती बॅग तिने पंधरा दिवस उघडलीच नाही, कोपऱ्यात तशीच होती. मी म्हणालो, कपडे चुरगळतील. म्हणाली, चुरगळू द्या. या वेळी केबिनखाली फक्त चादरींचं गोदाम आहे.

८ जानेवारी
हिला फोन करून सांगितलं. म्हणाली, तुम्ही जा, छान जाऊन या, माझं नाव नका घालू त्यात. मी म्हणालो, घातलंय. मग फोन कट झाला. मेव्हणीकडे नेटवर्कची बोंब आहे.

हिला आधीपासूनच पुढे पुढे करायला आवडत नाही. पहिल्यांदा नको म्हणणार, हे ठरलेलं.

१५ जानेवारी
काय म्हणालो होतो! हिचा आपणहून फोन. माझा पासपोर्ट तुमच्या फायलीत आहे ना, विचारलं. मेमध्ये संपतोय हे तिला पाठ. तारखेसकट. नको नको म्हणणारी बाई पासपोर्टची तारीख पाठ करून बसते, याचा अर्थ लहान पोरसुद्धा सांगेल.

टीप: प्रवासाहून परतल्यानंतरही पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. फॉर्म मी भरतो म्हणालो. म्हणाली, मी भरलाय, फक्त जुना पासपोर्ट घेऊन या.

२२ जानेवारी, सायंकाळी ६.००
पासपोर्ट ऑफिस. सुंदर दिवस गेला. तीन तास शेजारी शेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. एवढा वेळ लागोपाठ आम्ही केव्हा बसलो होतो ते आठवत नाही. हिने केस बारीक कापलेत. चांगले दिसतात, पण डावीकडून अर्धा सेंटिमीटर कमी आहेत, ते सांगितलं.

फॉर्मवर पत्ता बहिणीचा घातला होता. मी खोडायला पेन काढलं तर हात धरून म्हणाली, राहू द्या. बरोबर आहे, पोस्टमन आला की घरी कोणीतरी पाहिजे.

फोटो काढणाऱ्याला मी कॅमेऱ्याची उंची सांगत होतो, तर त्याने मला बाहेर बसायला सांगितलं. ही हसली. खूप दिवसांनी हसताना बघितली.

मग कँटीनमध्ये चहा. म्हणाली, तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय. लेकीकडचं काहीतरी होतं. नेमकं तेव्हाच माझ्या लक्षात आलं की कपात चहा कडेपासून बोटभर खाली. काउंटरवर जाऊन समज दिली. परत आलो तर ही पर्स खांद्याला लावून उभी. म्हणाली, सांगून झालं. मी म्हणालो, अगं, मी इथे नव्हतो. म्हणाली, असता तेव्हाही तसंच असतं.

थट्टा करायची सवय गेली नाही अजून.

२ फेब्रुवारी
खरेदी. डेकवर वारा असतो, म्हणून दोघांना एकसारखी जॅकेटं. दुकानातल्या मुलीने मॅडमचं माप विचारलं. मी हाताने उंची दाखवली. मग खांद्याची रुंदी दाखवली. ती म्हणाली, काका, हे तर कपाट झालं. तिने स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तीन बायका दुकानात फिरत होत्या त्या दाखवून विचारलं, यांच्यापैकी कोणासारख्या? मी बराच वेळ बघितलं.

मीडियम घेतलं. घरी येऊन मोजायला हिचे कपडे शोधले. कपाटात एक जुना स्वेटर आणि रिकामे हँगर. एवढे सगळे कपडे घेऊन गेली, म्हणजे बहिणीकडे वॉशिंग मशीन बिघडलं असणार.

१० फेब्रुवारी
मेव्हणी बाजारात दिसली. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, पुलाचा जिना भराभर चढत होती. मी हाक मारली तशी आणखी भराभर चढली. गुडघ्याचं दुखणं असंच असतं, वरून कळत नाही. अजून दोन महिने तरी आराम हवा तिला. हिला सोडवत नाही, यात नवल नाही.

१८ फेब्रुवारी
ऑनलाइन चेक-इन उघडलं. टीप: पहिल्याच दिवशी करावं, म्हणजे जहाजात चढायची सकाळची वेळ मिळते. उशीर केला की दुपारच्या गर्दीत.

माझं नऊ मिनिटांत झालं. हिचा फोटो अडला. लेकीच्या लग्नातला लावला. उत्तर आलं, चेहरा स्पष्ट नाही. खरंच त्यात अर्धी माझ्या मागे गेलीय. दुसरा शोधला, त्यात पाठमोरी. फोनमध्ये चार हजार फोटो आहेत, त्यातले निम्मे तराजूंचे. सध्याचा, समोरून, एकटीचा असा तिचा एकही नाही. हे काम राहिलं खरं. जहाजावर रोज काढायचा.

नव्या पासपोर्टचा नंबरही हवा. फोन मेव्हणीने उचलला. म्हणाली, पासपोर्ट व्हिसासाठी गेलाय. एजंट मुलीला विचारलं, या क्रूझला व्हिसा लागतच नाही. हिने तरी काढायला टाकला! जास्तीची तयारी ठेवणं, हा माझ्या संगतीचा परिणाम. मेव्हणी आणखी काहीतरी सांगणार होती. मी म्हणालो, तुम्ही गुडघ्याकडे लक्ष द्या.

स्क्रीनवर मात्र लाल अक्षरांत येतंय: दुसऱ्या प्रवाशाची माहिती अपूर्ण. अजून वेळ आहे.

२३ फेब्रुवारी
हिला रोज एक टीप मेसेजने पाठवायला सुरुवात केली. इस्त्री आणि किटली नेऊ नये, काढून घेतात. मोठ्या बॅगा बंदरावर आपल्या हातून घेतात आणि थेट केबिनवर पोचवतात, पण त्याला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवावा. बॅगेला लावायचं लेबल स्टेपल करून वरून टेप मारावी. उत्तर येत नाही. पण निळी खूण येते.

३ मार्च
लेकीचा फोन, परदेशातून. रडत होती. म्हणाली, बाबा, आई अकराला माझ्याकडे येतेय. राहायला. कायमची. आईने तुम्हाला दोनदा सांगितलं, मावशीने सांगितलं, तुम्ही ऐकत का नाही?

मी म्हणालो, अकराला कसं जमेल, चौदाला जहाज आहे. ती हळू आवाजात म्हणाली, बाबा, तुम्ही ठीक आहात ना? मी तिला टीप दिली की बंदराच्या गावी एक दिवस आधी पोचावं, विमानं लेट होतात. तिनेच फोन ठेवला.

आई आणि लेकीचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. तारखा बदलतील. मी तर दोनदा बदलल्यात.

७ मार्च
जेवण जात नाही. समुद्र लागू नये म्हणून आधीपासून पोट हलकं ठेवलेलं बरं, असं कुठेतरी वाचलं होतं.

११ मार्च
घरीच होतो. विमानतळावर गेलो नाही. गेलो असतो तर ती चालली आहे, असा अर्थ झाला असता.

दुपारी ३.२० ला तिचा मेसेज. तब्येत सांभाळा. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

म्हणजे टिपा वाचत होती. सगळ्या वाचत होती.

१३ मार्च
बंदराजवळच्या हॉटेलात आलो. दोन्ही बॅगा आणल्या. तिच्या बॅगेत मीडियम जॅकेट, स्वेटर, टोपी आणि वजन यावं म्हणून दोन उशा. रिकामी बॅग लोक हाताळताना आपटतात.

लेकीकडून बंदरापर्यंत थेट विमान आहे. बघून ठेवलंय. उद्या सकाळी साडेनऊला उतरतं.

१४ मार्च, दुपारी २.१५
टर्मिनलवर आमची वेळ साडेदहाची. नऊपासून दाराशी उभा होतो. हमालाने बॅगा नेल्या, लेबलं बघून म्हणाला, काका, तुमचं काम पक्कं. अकराच्या सुमाराला काउंटरवर पोचलो आणि पासपोर्ट सापडेना. दोघांची कागदपत्रं एकाच फोल्डरमध्ये असावीत म्हणून मी फोल्डर हिच्या बॅगेत ठेवला होता. तिला सोपं जावं म्हणून. बॅग जहाजाच्या पोटात. ती शोधून आणायला त्यांना दोन तास लागले. दोन माणसांनी माझ्यासमोर बॅग उघडली, आधी उशा काढल्या, मग स्वेटर, आणि एकमेकांकडे बघितलं.

काउंटरवरच्या माणसाने विचारलं, दुसरे प्रवासी? मागून येतेय, म्हणालो. म्हणाला, साडेतीनला गेट बंद होतं. मी म्हणालो, तिला वेळेचं भान आहे.

३.३०
गेट बंद झालं. मी आतल्या बाजूला उभा राहून बघितलं.

सायंकाळी ६.४०
जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून डेकवर बोलावतात. आणीबाणीत काय करायचं त्याचं ड्रिल. ही टीप माझ्या यादीत नव्हती.

आमच्या गटात दीडएकशे माणसं. पांढऱ्या युनिफॉर्ममधल्या एक अधिकारी बाई दुपारी छापलेली यादी घेऊन केबिनवार हजेरी घेत होत्या. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, दोघं ना? दोघं, म्हणालो. दुसऱ्या कुठे आहेत? येतेय, म्हणालो. तोंडातून आपसूक गेलं. नऊ महिने तेच म्हणतोय.

बाई म्हणाल्या, ठीक आहे, सगळे आल्याशिवाय ड्रिल सुरू करता येत नाही. आणि सगळे थांबले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ऊन तिरपं डोळ्यांत येत होतं, जॅकेटात सगळे घामाघूम. एक लहान मुलगी रडायला लागली. मग लाउडस्पीकरवर सांगितलं, केबिन तीनशे चौदाच्या दुसऱ्या पाहुण्यांनी ताबडतोब डेकवर यावं. वरच्या डेकवर, खालच्या डेकवर, जेवणाच्या हॉलमध्ये, सगळीकडे तो आवाज गेला. परत एकदा सांगितलं. एक माणूस केबिनचं दार ठोठावायला धावला. मागून कोणीतरी म्हणालं, बायकांचं आवरणं काही संपत नाही. सगळे हसले. मीही हसलो. तिसऱ्यांदा घोषणा झाली तेव्हा सगळ्यांबरोबर मीसुद्धा जिन्याकडे बघत होतो. खोटं कशाला लिहू, वाट बघत होतो.

बाई परत आल्या. हळू आवाजात विचारलं, सर, त्या नक्की जहाजावर आहेत ना?

मी म्हणालो, नाही. ती आलेलीच नाही. त्यांनी विचारलं, गेट बंद झाल्यावर पोचल्या का? मी म्हणालो, नाही. ती यायचीच नव्हती. जूनमध्येच मला सोडून गेली. मला पहिल्यापासून सांगत होती.

एवढं मी कोणासमोर बोललो नव्हतो. इथेही लिहिलं नव्हतं. मागचा माणूस हसायचा थांबला. मी हात जॅकेटच्या आत घातले. बाईंनी यादीवर एक रेघ मारली आणि शिट्टी वाजवली.

मग सांगितलं, आता प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा पट्टा ओढून बघा, घट्ट आहे का. सगळे एकमेकांकडे वळले. नवरे बायकांचे बघत होते, बायका नवऱ्यांचे. मी सरळ समोर बघत उभा राहिलो. बाई आल्या, माझा पट्टा ओढला आणि म्हणाल्या, ढिला आहे, सर. मी पट्ट्याकडे न बघताच हो म्हणालो.