जामीन नाकारणाऱ्या नातीस घर

मी, ओडेसा गेदर, वय एकाहत्तर, धंदा लोकांचे कपडे धुणे व इस्त्री करणे, राहणार पाइन हिल, साउथ कॅरोलिना. गुडघे सोडले तर सगळी शाबूत आहे, डोकं तर फारच. कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहिते. शाळा तिसरीपर्यंत. चुका नात सुधारायची, पण ती तुरुंगात आहे.

१. राहतं घर, मागच्या अंजिरासकट, नात व्हर्डेल हिला. मेलेल्या लेकीची ही पोर मीच वाढवली. गोऱ्यांच्या दुकानातून आम्ही काळ्यांनी दोरा-बटणं घ्यायची, खाण्याच्या टेबलाशी बसायचं मात्र नाही. ही कॉलेजची पोरं गेली आणि बसली! माझ्या हाताच्या इस्त्रीचा ब्लाउज घालून व्हर्डेलने कॉफी मागितली. डोक्यावर केचप ओतला तरी उठली नाही. (डाग निघाला. थंड पाणी आणि मीठ.) तिचं ते कॉफी मागणं आठवलं की अजून हसू फुटतं.

टेबलाशी बसली म्हणून पोलिसांनी तिला धरून नेलं, तेव्हा हेच घर जामीन ठेवायला खरेदीखत घेऊन तुरुंगावर गेले. जाळीमागून म्हणते कशी, "आजी, कागद घरी ने. जामिनावर सुटायचं नाही असं आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पैसे भरले तर त्यांचा कायदा मानल्यासारखं होतं."

"अगं, खोकतेयस किती!"

"खोकला बाहेरही होतोच की."

कागद कोटात घालून परत आले.

२. मुलगा लेम्युएल यास बापाची सुतारकामाची हत्यारं. तो म्हणतो, "आई, घर वीक, पोरीला उत्तरेकडे धाड, तिकडे असला जाच नाही." लेका, धाडू कशी? ती माझ्या हातात आहे का?

३. ज्यांच्या घरचे कपडे मी धुवायची त्या गोऱ्या प्रूइटबाईंची इस्त्री त्यांना परत द्यावी. "नातीला आवर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस," म्हणाल्या. गेले नाही.

४. पाद्री स्ट्राउड यांनी पोरांच्या सभेला चर्च दिलं नाही. माझ्या अंत्यविधीत त्यांनी तोंड उघडू नये. गाणी कॉलेजच्या पोरांनी म्हणावीत, बाहेर असतील तेवढ्यांनी.

५. व्हर्डेल आत असताना मी गेले, तर जामीन भरून अंत्यविधीला ये असं तिला कोणी सांगू नये. ती नाहीच म्हणेल, आणि म्हणताना रडेल. तेव्हा मला तिचे डोळे पुसता येणार नाहीत. आत्ता तरी कुठे येतायत?

पाइन हिल, ११ फेब्रुवारी १९६१
सही, स्वतःच्या हाताने: ओडेसा गेदर

साक्षीदार: शेजाऱ्यांनी नोकरी जाईल या भीतीने सही दिली नाही, त्यांचंही खरंच आहे. व्हर्डेलच्या वर्गातली दोघं आली, मक्याचा पाव खाऊन सही करून गेली.
ज्युनिअस बेल्टन
अर्नेस्टाइन क्लाइबर्न
दोघांचा पत्ता: कॉलेजचं वसतिगृह, फक्त उद्यापर्यंत. सोमवारी तीही त्या टेबलाशी बसणार आहेत. कोर्टाला लागल्यास तुरुंगात विचारावं.