पांढऱ्या गाडीचं इंजिन

बाबा, गेल्या रविवारी मी चौदा वर्षांनी पुन्हा मोटारीच्या पुढ्यात हँडल घालून इंजिन फिरवलं. तुमच्या जावयाच्या डोक्यात जुनी स्टेशन वॅगन घ्यायचं खूळ शिरलंय. खेड्यापाड्यांतल्या शाळांना पुस्तकं पोचवायचा धंदा त्यांचा, आणि मागचं दार उघडलं की गठ्ठे सरळ आत ढकलता येतात, म्हणून तशीच गाडी हवी. कळमेश्वरला एका कारखान्याच्या शेडमध्ये एक उभी होती. मालक म्हणाला, पंधरा दिवसांत चावीसुद्धा लावली नाही. मी बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "पंधरा दिवस बंद असलेल्या गाडीले ताप कशाचा आला जी?" मी विचारलं. मालक हसला, पण बळेच. आम्ही यायच्या आधी त्याने तासभर इंजिन चालवून ठेवलं होतं, म्हणजे आमच्यासमोर ते लगेच सुरू व्हावं. मग मी हँडल मागितलं आणि पदर खोचला. हे माझ्याकडे पाहतच राहिले. तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवणारी बायको त्यांना माहीत आहे, ही कोण आली? घरी येताना त्यांनी दोनदा विचारलं, "तुले हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, बाबांनी.

तुम्हाला आठवत असेल ती आणीबाणीच्या आधीची थंडी. आपल्या वस्तीतली एक बाळंतीण सायकलरिक्षातच गेली, धंतोलीच्या दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही, आणि त्या आठवड्यात वस्तीतल्या मंडळाने ठरवलं की वस्तीची स्वतःची गाडी पाहिजे. मागे माणूस झोपवता येईल अशी, स्टेशन वॅगन. पेशंट नसेल तेव्हा लग्नाकार्याला चालेल. नवी घ्यायची ऐपत कोणाची होती? जुनीच घ्यायची, आणि इंजिन पारखायचं काम तुमच्याकडे आलं, कारण वर्कशॉपमध्ये तुमच्या कानाला सगळे मानत. तुमच्यासोबत काका होते. सख्खे नव्हेत, पण वीस वर्षं एकाच बाकावर तुमच्याशेजारी काम केलेले, एका डब्यात जेवलेले. आणि मी. माझं लग्न ठरलेलं, दोन महिन्यांनी जाणार होते, म्हणून तुम्ही मला हट्टाने सोबत नेत होतात. "पोरगी शिकली तं काही वाया नाही जात," म्हणायचात.

पहिली गाडी निळी. एका ठेकेदाराची, धंतोलीतली. काय चमकत होती! सीटला नवी कव्हरं, पुढे प्लास्टिकची फुलं. मंडळाचे लोक बघूनच खूष. तुम्ही मात्र तेलाची पट्टी बाहेर काढली, तेल दोन बोटांत चोळलं आणि म्हणालात, "मधासारखं जाड तेल टाकलं गा यानं. आवाज दाबून राहिला." सायलेन्सरपुढे तुमचा पांढरा रुमाल धरायला लावलात, तो निळसर काळा झाला. मग इंजिन बंद करून मला हँडलशी बसवलंत. "अंगठा आत नाही धरायचा, बोटांसोबत बाहेर ठेवायचा. इंजिननं उलटी लाथ मारली तं अंगठा मोडते. आता फिरव. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताले अडन. चारही वेळा सारखं अडलं पाहिजे." तीनदा अडलं, एकदा हात रिकामाच गेला. "समजलं? एका सिलिंडरात दम नाही. थंडीत ही गोड बोलन, गरम झाली की अडून बसन." तो रुमाल आईने कितीदा धुतला, डाग गेला नाही.

दुसरी गाडी काकांनी शोधली. पांढरी, ठिकठिकाणी रंग उडालेला, मागचं दार तारेने बांधलेलं. सकाळी सहाला न सांगता गेलो आपण, बॉनेट बर्फासारखं गार. मी हँडल फिरवलं आणि चारही वेळा हाताला सारखा जोर लागला. चावी दिल्यावर एका झटक्यात सुरू झाली. तुम्ही प्लग काढून तळहातावर ठेवलात, बिस्किटासारखा भुरा रंग, आणि तुम्ही असे हसलात की मला तुमचा लहानपणीचा चेहरा कसा असेल ते कळलं. "हे इंजिन माणसाच्या जिवाले पुरते," म्हणालात. तेव्हा काकांनी घसा खाकरला. "एक सांगू का गा? ही एका ट्रस्टची मयतीची गाडी आहे. नवीन घेऊन राहिले म्हणून विकतात." तुम्ही पोट धरून हसलात. "तेच तं म्हणतो! एकच ड्रायव्हर, घाई नाही, ओझं नाही, मसणाच्या वाटेवर बंद पडू नये म्हणून वेळच्या वेळी तेल. मुर्दे काही इंजिन खात नाहीत." वस्तीत आताच सांगायचं नाही, असं तुम्हीच ठरवलंत. पहिला पेशंट जिवंत घरी आणीन आणि मग सभेत मीच सांगीन, म्हणालात. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून, "तुही बिदाई यातच करतो, बघ."

मी गाडीच्या मागे गेले, बाबा. तार सोडून मागचं दार उघडं ठेवलं होतं. आत लाकडी फळी आणि एका खिळ्याला अडकलेला फुलांच्या हाराचा दोरा. तिथे मी शालू नेसून बसणार होते. सासरचे लोक पाहणार होते. दर रविवारी विहारात उभी राहून बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारी मी, शकुन-अपशकुन झूट आहे म्हणून मैत्रिणींशी भांडणारी मी, आणि मला तो दोरा दिसत राहिला. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही हसला असता, किंवा त्याहून वाईट, गप्प झाला असता. त्याच संध्याकाळी चुलीपाशी मी आईला सांगितलं. घ्या, लिहिलं एकदाचं. मी सांगितलं. आई म्हणाली, "माय वं!" आणि हातातली भाकरी तव्यावर तशीच करपली. दुसऱ्या दिवशी नळावरच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं.

सभेत तुम्ही एकटे पडलात. लग्नाला ती गाडी कशी न्यायची, लेकरं कशी बसतील, पेशंटच घाबरून मरन, काय काय बोलले लोक. तुम्ही उभे राहिलात. आवाज चढवला नाही. "दीक्षा घेतली आपण. जलमभर दुसऱ्यांनी आपल्याले विटाळ लावला, आता आपण गाडीले विटाळ लावून राहिलो?" कोणी वर पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. तरी हात निळ्या गाडीसाठीच वर झाले. घरी आल्यावर तुम्ही आईला विचारलंत, कोणी सांगितलं? आई म्हणाली, बायका म्हणत होत्या. बस. माझं नाव तिने मरेपर्यंत घेतलं नाही. तुम्हाला माझा संशयसुद्धा आला नाही, बाबा, आणि ते मला जास्त लागलं. तुमची पोरगी असलं काही करूच शकत नव्हती. मग उरलं कोण? दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्कशॉपमधला तुमचा डबा काकांच्या शेजारून उचललात. "मी नाही गा सांगितलं," ते म्हणत राहिले. तुम्ही ऐकलं नाही. एकदा मन फिरलं की कोणीही आलं तरी तुम्ही ऐकणार नव्हता. वीस वर्षांची सोबत त्या दिवशी तुटली, आणि मी हातांना हळद लावून घरात बसले होते.

निळ्या गाडीतून माझी बिदाई झाली. झेंडूच्या माळा, लाउडस्पीकर, सगळं झकास. तुम्ही त्या गाडीत बसला नाहीत, सायकलीवर मागून आलात. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते आणि दुपारी तुमच्या छातीत कळ आली. निळी गाडी दारात आली. तुम्हाला मागे झोपवलं, तुमचं डोकं माझ्या मांडीवर. रेल्वेचं फाटक बंद होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तुम्ही घामाने चिंब अवस्थेत डोळे उघडून म्हणालात, "बंद काहून केलं?" फाटक उघडलं, गाडी काही उठेना. मी उतरले, हँडल घातलं. बाहेर आग बरसत होती, मागचे हॉर्न वाजवत होते. मी फिरवत होते, तीनदा अडत होतं, एकदा रिकामं जात होतं. आणि खिडकीतून तुमचा आवाज आला, "अंगठा बाहेर ठेव." तेच शेवटचं. लोकांनी ढकलत आणलं, मग टांगा मिळाला. धंतोलीत डॉक्टरांनी तुमचं मनगट धरलं, सोडलं आणि विचारलं, इतका उशीर का केलात?

तुम्हाला घरी न्यायला काका आले. कोणी निरोप दिला, माहीत नाही. पांढरी गाडी घेऊन आले. ती विकली गेलीच नव्हती, ट्रस्टचं काम करतच होती. तुमच्याशी बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं, तरी त्यांनी तुम्हाला उचललं, फळीवर नीट ठेवलं, मान सरळ केली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मी मागे तुमच्याजवळ बसले, जिथे बसायची मला शिसारी आली होती तिथेच. फाटक उघडं मिळालं. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा होता की मला ओरडावंसं वाटलं. काकांची पाठ माझ्यापासून दोन हातांवर होती. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तुमच्या पायांवरची चादर सारखी करत राहिले.

मी गाडी नापास केली तरी यांचं मन मानेना, म्हणून काल कळमेश्वरला दुसऱ्यांदा गेलो. तुमचा जावई म्हणाला, एक जुना मिस्त्री सोबत आणतो, इंजिनचा कान आहे त्याला. तो मिस्त्री म्हणजे काकाच निघाले. केस पांढरे झालेत, उजव्या हाताला कंप आहे, पण प्लग तळहातावर घेतला की हात थांबतो. गाडी नापास केली त्यांनी, माझ्याइतक्याच वेळात. मग हे मालकाशी बोलायला गेले आणि काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "बाई, एक विचारू? तुह्या बापानं माह्याशी बोलणं काहून सोडलं, तुले कधी समजलं का? त्या गाडीचं मी नव्हतं सांगितलं वं. आईची शपथ. तो गेला, पण मले चोर ठरवून गेला." डोळे भरले होते त्यांचे. पंधरा वर्षं हा माणूस हेच चघळत बसलाय. आणि मी काय म्हटलं असेल? "पाणी घेता का, काका?" एवढंच सुचलं तुमच्या शिकलेल्या पोरीला.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, पोरांच्या गृहपाठाखाली दाबून ठेवीन. तुम्ही मला माफ कराल की नाही, हा विचार मी पुष्कळ केला, पण खरं सांगायचं तर तुम्हाला सांगणं सोपं आहे. काका नंदनवनात राहतात. माझ्या घरून चालत वीस मिनिटं. आज सकाळी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते. तिथे भाजीवाली बसते. अर्धा किलो वांगी घेतली आणि परत आले.